फाशीला पाठिंबा आहे, पण कोणाच्या?

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल अडवून धरलेल्या लोकांच्या तोंडी एकच मागणी होती: फाशी. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाला होता. तक्रार नोंदवून घ्यायलाच तासन्‌तास लागले होते. तो संताप खरा होता, आणि तक्रार वेळेत घेतली गेली असती तर रुळांवर बसायची पाळी आली नसती, हेही खरं. पुढे २३ सप्टेंबरला, तळोजा तुरुंगातून बाहेर काढलेला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. खटला चाललाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं.

आंदोलनाच्या त्या आठवड्यात ठाणे जिल्ह्यात 'फाशी हवी का' असा कौल घेतला असता तर काय आकडा आला असता, हे सांगायला अभ्यास लागत नाही. मला लिहायचं आहे ते त्या आकड्याचं पुढे काय होतं याबद्दल. लोकांची भावना कोर्टात कोणत्या दारातून शिरते आणि येताना सोबत काय घेऊन येते? याचं सगळ्यात बारकाईने मोजमाप अमेरिकेत झालं आहे, तिथल्या वंशभेदाच्या संदर्भात. म्हणून आधी तिकडचं सांगतो, मग आपल्याकडचं.

गॅलपची पाहणी तिकडे कित्येक दशकं जवळपास एकच प्रश्न विचारत आली आहे: खुनासाठी दोषी ठरलेल्याला मृत्युदंड द्यावा, असं तुम्हाला वाटतं का? १९६६ मध्ये 'हो' म्हणणारे ४२ टक्के होते. १९९४ मध्ये ते ८० टक्क्यांवर गेले. २०२४ मध्ये ५३ टक्के. यावरून लोकमत किती हलतं ते दिसतं. पण २०१९ मध्ये याच संस्थेने प्रश्न बदलला आणि दोन पर्याय समोर ठेवले: मृत्युदंड, की सुटकेची कोणतीही शक्यता नसलेली जन्मठेप? तेव्हा ६० टक्क्यांनी जन्मठेप निवडली आणि ३६ टक्क्यांनी मृत्युदंड. म्हणजे 'हो' म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना मुळात हवं असतं ते एवढंच, की हा माणूस पुन्हा बाहेर येऊ नये.

आपल्याकडे ही भीती दुप्पट आहे, कारण 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हा समज घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंतचा कारावास. ज्या गुन्ह्याला कायद्याने मृत्युदंडही देता आला असता, त्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला १४ वर्षं पूर्ण होण्याआधी सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. १४ वर्षांनंतर सुटका आपोआप होत नाही, सरकारला तसा निर्णय घ्यावा लागतो. शिवाय २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यापासून आणि २०१५ च्या श्रीहरन निकालानंतर हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाला २०, २५, ३० वर्षं किंवा शेवटच्या श्वासापर्यंत सूट नाही, असं शिक्षेतच लिहिता येतं. सेशन कोर्टाला तो अधिकार नाही. खालच्या कोर्टापुढे त्यामुळे फाशी आणि साधी जन्मठेप एवढीच निवड उरते, आणि समोर भयंकर गुन्हा असेल तर पारडं झुकायला वेळ लागत नाही. खालून आलेल्या इतक्या फाशी वर टिकत नाहीत, त्यामागचं हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

आता वंशभेद. जॉर्जिया राज्यात १९७० च्या दशकात झालेल्या २,४८४ मनुष्यवधांच्या प्रकरणांची छाननी डेव्हिड बाल्डस या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. नुसती टक्केवारी काढून ते थांबले नाहीत. गुन्हा कसा झाला, सोबत दरोडा होता का, आधीच्या शिक्षा, बळी किती, पुरावा कसा होता, अशा २३० पर्यंत गोष्टी हिशेबात धरल्या, म्हणजे सारख्याला सारख्याशीच ताडून बघता यावं. कच्चा आकडा असा होता: मेलेली व्यक्ती गोरी असेल तर ११ टक्के आरोपींना मृत्युदंड, मेलेली व्यक्ती काळी असेल तर १ टक्का. बाकी घटक वजा करूनही गोऱ्याच्या खुनासाठी मृत्युदंड होण्याची शक्यता ४.३ पट राहिली.

इथे थांबून नीट बघण्यासारखं आहे. वंशभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आरोपीचा रंग येतो. बाल्डस यांच्या आकड्यांत सगळ्यात ठळक ठरला तो मेलेल्याचा रंग. दुसरी गोष्ट, भेदाची सुरुवात शिक्षेच्या दिवशी झाली नव्हती. आरोपी काळा आणि बळी गोरा असेल तर सरकारी वकिलांनी ७० टक्के प्रकरणांत मृत्युदंड मागितला होता. दोघेही गोरे असतील तर ३२ टक्के, दोघेही काळे असतील तर १५ टक्के. न्यायाधीश आणि ज्युरीसमोर (निर्णय देण्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळासमोर) प्रकरण यायच्या आधीच चाळणी लागून गेली होती. आणि अमेरिकेत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील बहुतेक राज्यांत निवडून येतो. त्याला मतं मागायची असतात. कोणत्या खुनावर गावात संताप आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

हा अभ्यास १९८७ मध्ये मॅक्लेस्की खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आरोपी काळा, मेलेला पोलीस अधिकारी गोरा. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटलं, आकडे बरोबर धरले तरी *या* आरोपीच्या बाबतीत *या* लोकांनी जाणूनबुजून भेद केला हे सिद्ध करा. ते कोण कसं सिद्ध करणार? मनात काय होतं याचा पंचनामा होत नाही. मॅक्लेस्कीला १९९१ मध्ये विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड दिला गेला. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितलं की एखादं मत बदलता आलं असतं, तर या खटल्यातलं बदललं असतं.

जाणूनबुजून केलेल्या भेदाचा कागदच हाती लागला, असंही क्वचित होतं. २०१६ च्या फॉस्टर खटल्यात सरकारी पक्षाची ज्युरी निवडतानाची टिपणं बाहेर आली. काळ्या नागरिकांची नावं हिरव्या रंगाने अधोरेखित केलेली होती आणि शेजारी 'बी' हे अक्षर होतं. मिसिसिपीतल्या फ्लॉवर्स खटल्यात एकाच सरकारी वकिलाने एकाच माणसावर सहा वेळा खटला चालवला, आणि त्या सहा फेऱ्यांत समोर आलेल्या ४२ पैकी ४१ काळ्या संभाव्य ज्युरी सदस्यांना वगळलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि पुढच्या वर्षी आरोप मागे घेतले गेले. एवढा उघड आकडा असूनही सहा खटल्यांइतका वेळ लागला.

मग हे सगळं लोकांना समजावून सांगितलं तर लोकमत बदलेल का? १९७२ च्या फर्मन खटल्यात न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी तशी मांडणी केली होती: लोकांना मृत्युदंडाबद्दल फार थोडं माहीत असतं, पूर्ण माहिती मिळाली तर ते त्याला नाकारतील. नंतर अभ्यासकांनी ही मांडणी पुन्हा पुन्हा तपासली. माहितीने काही लोक हलतात, पण ज्यांचा आधार 'केलं तसं भोगलं पाहिजे' हा असतो ते फारसे हलत नाहीत. २००७ मध्ये पेफ्ली आणि हरविट्झ यांनी छापलेला प्रयोग तर अस्वस्थ करणारा होता. गोऱ्या लोकांच्या एका गटाला नुसता प्रश्न विचारला तेव्हा ६५ टक्के मृत्युदंडाच्या बाजूने होते. दुसऱ्या गटाला आधी सांगितलं की मृत्युदंड काळ्यांच्याच वाट्याला जास्त येतो म्हणून तो अन्यायकारक आहे, असं काही जण म्हणतात. त्या गटात पाठिंबा ७७ टक्के झाला. २०१८ मध्ये मोठ्या नमुन्यावर तोच प्रयोग पुन्हा केल्यावर अशी वाढ सापडली नाही, हे इथेच नोंदवलं पाहिजे. पण दोन्ही प्रयोगांतून एक गोष्ट उरते. भेदभावाचा पुरावा समोर ठेवला की लोक आपोआप मृत्युदंडाच्या विरोधात जातात, असं गृहीत धरू नये.

आता आपल्याकडे. आपल्याकडे ज्युरी नाही, सरकारी वकील निवडून येत नाही, आणि निकालपत्रात आरोपीची जात सहसा लिहिलेली नसते. म्हणून काही जण म्हणतात की तो प्रश्न अमेरिकेचा, आपला नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल बघा. जुलै २०१३ ते जानेवारी २०१५ या काळात देशभरात फाशीची शिक्षा झालेले ३८५ कैदी होते आणि त्यांपैकी ३७३ जणांशी संशोधक बोलले. आर्थिकदृष्ट्या दुबळे ७४.१ टक्के. मागासवर्गीय आणि धार्मिक अल्पसंख्य मिळून ७६ टक्के. शाळेचं तोंडही न पाहिलेले २३ टक्के. आणि महाराष्ट्रात फाशीच्या कैद्यांत अनुसूचित जाती-जमातींचे लोक ५० टक्के होते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा २१ टक्क्यांच्या आसपास आहे.

या आकड्यांवरून न्यायाधीश जात बघून फाशी देतात, असं सिद्ध होत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. बाल्डस यांच्यासारखी सारख्याला सारख्याशी ताडून बघणारी छाननी या अहवालात नाही. पण अशी तफावत कुठून तयार होते हे शोधायचं तर गुन्ह्याच्या तपासाच्या एकेक पायरीवर उभं राहून बघावं लागतं.

पहिली पायरी: कोणाला उचलतात. दरोडा आणि खून झाला की पोलीस ठाण्यात फोटोंचा अल्बम काढला जातो, रेकॉर्डवरची माणसं बोलावली जातात. त्या रेकॉर्डवर कोण असतं? इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पारध्यांच्या पालावर पहाटे पडणारी धाड चालूच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या तुरुंग नियमांवर बोट ठेवलं. बावन्न साल नव्हे, दोन हजार चोवीस.

दुसरी पायरी: ताब्यातले पहिले दिवस. त्या ३७३ जणांपैकी जे पोलीस कोठडीतल्या वागणुकीबद्दल बोलले, त्यांतल्या १०० मागे ८० जणांनी छळ झाल्याचं सांगितलं. चौकशीच्या वेळी वकील जवळपास कोणाजवळच नव्हता. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण आरोपीने दाखवून दिलेली वस्तू चालते. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक. चाकू, रक्ताचे कपडे, दागिने 'आरोपीने निवेदन करून काढून दिले' असा पंचनामा होतो. जागा आधीच सगळ्यांना माहीत होती का, पंच खरे तिथे होते का की पोलीस ठाण्यातल्या ठाण्यात सह्या झाल्या, तेच पंच आणखी किती गुन्ह्यांत आहेत, वस्तू सील कधी झाली आणि प्रयोगशाळेत कधी पोहोचली, हे प्रश्न उलटतपासणीत विचारावे लागतात. न विचारता ती वेळ गेली, तर अपिलात ती भोकं कागदावर दिसतच नाहीत.

आणि ते विचारणार कोण, ही तिसरी पायरी. गरीब आरोपीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. त्यांच्यात जीव ओतून काम करणारे आहेत, हे आवर्जून सांगतो. पण फाशीच्या खटल्यात नुसता वकील असून भागत नाही. आरोपीच्या गावी जाऊन शाळेचे दाखले, आजारपणाचे कागद, बालपणाची माहिती गोळा करणारं माणूस लागतं, न्यायवैद्यक अहवाल वाचू शकणारा तज्ज्ञ लागतो. पैसेवाल्या आरोपीकडे हे पहिल्या आठवड्यापासून असतं. जन्मतारखेचा साधा दाखला वेळेत पुढे न आल्यामुळे अल्पवयीन मुलाला फाशी सुनावली जाते, हे आपल्या राज्यात घडलं आहे.

तो खटला नाशिकचा. जून २००३ मध्ये एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची कायम केली आणि तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. २०१४ मध्ये घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या कैद्याची पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात, तीन न्यायाधीशांपुढे ऐकायची. त्यानंतर हे प्रकरण पुन्हा उघडलं, आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. कारण? वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले चार *वेगळेच* चेहरे ओळखले होते. त्या चौघांवर खटला भरलाच गेला नाही, आणि हा कागद सरकारी पक्षाने कोर्टापुढे नीट ठेवला नाही. त्या सहांपैकी एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने लिहिलं की आरोपी भटक्या जमातीतले, अतिशय गरीब मजूर आहेत आणि अशा माणसांना खोटं गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई दिली गेली. तोवर १६ वर्षं गेली होती. तीन पातळ्यांवरच्या न्यायालयांनी ते पुरावे पाहिले होते आणि अल्बमची ती ओळख कोणाच्या नजरेत भरली नव्हती.

आता जनभावनेचं दार. १९८० च्या बचनसिंग निकालाने फाशी घटनात्मक ठरवली, पण दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच, आणि जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तरच. गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही बघायचे. लोकांची इच्छा नेमकी काय आहे हे ओळखण्याचं साधन न्यायाधीशांकडे नाही, हा इशाराही त्याच निकालात आहे. तीनच वर्षांत, १९८३ च्या माच्छीसिंग निकालात, समाजाची सामूहिक सद्सद्विवेकबुद्धी हादरली असेल तर फाशी, ही भाषा आली. माझा सगळा आक्षेप इथे आहे. कोणत्या मृत्यूने समाज हादरतो? ज्याची बातमी होते त्या. बातमी कोणाची होते? इथे बाल्डस यांचे आकडे पुन्हा समोर येतात: बळी कोण आहे यावर संताप ठरतो, आणि संतापावर शिक्षा. अमेरिकेत हे सरकारी वकिलाच्या दालनात घडलं. आपण त्याला निकालपत्रातच जागा करून दिली.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित कुटुंबातले चार जण मारले गेले. राज्यभर बातमी व्हायला आठवडे लागले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कारावासावर आणली, आणि ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असंच दोन्हीकडे ठरलं. कोपर्डीत जुलै २०१६ मध्ये मराठा कुटुंबातल्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, आरोपी दलित होते. लाखोंचे मोर्चे निघाले, त्यांत आरोपींना फाशी आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल अशा दोन्ही मागण्या एकत्र होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. दोन खटल्यांचे पुरावे वेगळे, कायद्याचे मुद्दे वेगळे, आणि दोन उदाहरणांवरून नियम निघत नाही. कोपर्डीच्या मुलीला न्याय मागणारं कोणी चूक होतं, असंही नाही. पण दोन्हीकडे समाज एकाच वेगाने, एकाच आवाजात हादरला होता का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं पाहिजे.

सुप्रीम कोर्टात हे कोणी म्हटलं नाही, असं नाही. २००९ च्या बरियार निकालात, तोही महाराष्ट्रातलाच खटला, न्यायमूर्ती सिन्हा यांनी लिहिलं की फाशीच्या निर्णयात लोकमत बसवता येत नाही, कारण गर्दीपुढे एकट्या पडलेल्या माणसाचे हक्क जपणं हेच कोर्टाचं काम. त्याच निकालाने हेही मान्य केलं की १९९६ च्या एका निकालात फक्त गुन्हा बघून, गुन्हेगार न बघता फाशी दिली गेली आणि ती बचनसिंगच्या विरोधात होती. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहिलं की चुकीच्या आधारावर फाशी झालेल्यांच्या शिक्षा कमी करा, त्यांतल्या दोघांना तर आधीच फासावर चढवलं गेलं होतं. आणि २१ जुलै २०२५ ला ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात हायकोर्टाने सगळ्या १२ जणांना निर्दोष सोडलं. त्यांतल्या पाच जणांना सेशन कोर्टाने फाशी दिलेली होती. सुप्रीम कोर्टाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. अपील चालू आहे. पण स्फोटात माणसं गमावलेल्या घरांना १९ वर्षांनी काय मिळालं? फाशीची घोषणा झाली तेव्हा त्यांना न्याय मिळाल्याचं सांगितलं गेलं होतं.

ठाण्याच्या किंवा बेलापूरच्या कोर्टातून फाशीची बातमी आली, तर बातमीवर थांबू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून निकालपत्र बघता येतं, लैंगिक गुन्ह्यांत नावं झाकलेली असतात. दोषी ठरवल्याची तारीख आणि शिक्षेची तारीख बघा. एकच किंवा लागोपाठची असेल तर बचाव पक्षाला आरोपीच्या आयुष्याबद्दल काही आणायला वेळच मिळालेला नाही. मे २०२२ च्या मनोज निकालाप्रमाणे आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल आणि कौटुंबिक पार्श्वभूमी रेकॉर्डवर यायलाच हवी, त्यांचा उल्लेख आहे का शोधा. आरोपी सुधारण्याची शक्यता नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारी पक्षाची आहे. त्यासाठी काही पुरावा दिलाय, की 'गुन्हा इतका क्रूर, म्हणून सुधारणा अशक्य' एवढंच लिहिलंय? दोषसिद्धी प्रत्यक्षदर्शी साक्षीवर आहे, की वस्तू काढून दिल्याच्या पंचनाम्यावर? आणि 'समाजात संदेश जावा' हे वाक्य किती वेळा येतं? हायकोर्टाने कायम केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही आणि तिथे सगळा पुरावा पुन्हा तपासला जातो. विधी विद्यापीठाच्या त्या अहवालाने २००० ते २०१५ मधल्या सेशन कोर्टांच्या फाशीच्या शिक्षांचा माग काढला, तेव्हा शेवटपर्यंत टिकलेल्या शिक्षा १०० मागे ५ सुद्धा नव्हत्या आणि २९ हून जास्त जण निर्दोष सुटले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर असंही ठरवलं की मनोजची प्रक्रिया पाळली गेली नसेल, तर कायम झालेल्या फाशीतही शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येईल.

आपलं लोकमत बळीच्या आणि आरोपीच्या आडनावाने किती बदलतं, हे मोजण्यासाठी मात्र कोर्टाची वाट बघायची गरज नाही. ठाण्यातलं किंवा वाशी-नेरूळचं एखादं कॉलेज हे दोन महिन्यांत करू शकेल. एक काल्पनिक प्रसंग लिहायचा, दहा ओळींचा: घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत चोरी करताना खून, आरोपीचं वय २४, आधीचा गुन्हा नाही. खऱ्या खटल्याशी साम्य नको, नाहीतर लोक त्या खटल्याबद्दल उत्तर देतात. दोन प्रती करायच्या, त्यांत फक्त एक गोष्ट वेगळी: आरोपीचं आडनाव. दुसऱ्या जोडीत फक्त बळीचं. आडनावासोबत नोकरीही बदलली की फरक कशाचा ते कळणार नाही. कोणाला कोणती प्रत मिळणार हे नाणं उडवून ठरवायचं, समोरचा माणूस बघून नाही. उत्तराला तीन पर्याय द्यायचे: फाशी, मरेपर्यंत सुटका नसलेली जन्मठेप, सूट मिळू शकेल अशी जन्मठेप. 'फाशी योग्य वाटते का' हा सर्वसाधारण प्रश्न शेवटी ठेवायचा. तो आधी विचारला तर माणूस पुढची सगळी उत्तरं त्याला धरून देतो.

१५ टक्क्यांचा फरक पकडायचा असेल तर प्रत्येक प्रतीसाठी साधारण १७० माणसं लागतात, १० टक्क्यांसाठी ३९०. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म फिरवला तर एकाच वर्गातली, एकाच जातीतली माणसं येतात. नौपाडा, वागळे इस्टेट, कळवा, मुंब्रा, ऐरोली, तुर्भे अशा वेगवेगळ्या वस्त्यांत समान वाटणी करा. उत्तर तोंडी विचारू नका, कारण विचारणाऱ्याचं स्वतःचं आडनाव आणि हातातलं कॉलेजचं ओळखपत्र समोरच्याचं उत्तर बदलतं. कागदावर खूण करून घडी घालून पेटीत टाकू द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रसंग आधीच एका आवाजात रेकॉर्ड करून ऐकवा. आधी वीस जणांवर चाचणी घ्या आणि निवडलेली आडनावं लोकांना ज्या समाजाची वाटायला हवीत त्याच समाजाची वाटतात का, ते तपासा, कारण महाराष्ट्रात एकच आडनाव चार जातींत असतं. जात आणि धर्म शेवटच्या पानावर, ऐच्छिक ठेवा. आणि फरक निघाला नाही, तरी तो निकाल तसाच जाहीर करा.